काडेपेटीवरची गौहर

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मसाल्याच्या नव्या पाकिटावरून चांगलीच जुंपली. छापखान्यातून नमुना आला होता. त्यावर नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर आणि हातात डाव घेतलेली एक हसरी बाई. कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. मसाला मात्र आमच्या गटातल्या सत्तरीच्या काकूंच्या हातचा. त्या हळूच म्हणाल्या, की बाईच छापायची तर माझाच फोटो का नको? सगळ्या हसल्या. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा मला फोन. आईचा फोटो बाजारात नको ताई, पाकिटं रस्त्यावर पडतात, लोकांच्या पायाखाली येतात.

त्याचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फोन ठेवला आणि मला एकदम गौहर जान आठवली. सव्वाशे वर्षांपूर्वीची गायिका, जिचं चित्र चक्क काडेपेटीवर छापलं गेलं होतं.

तिची माझी ओळख आजोळी झाली. आजोबांकडे एका लोखंडी पेटीत जुन्या रेकॉर्डी होत्या. खाकी कागदाची पाकिटं, मधोमध गोल भोक, आणि त्यातून दिसणारा कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा. गाणारी बाई कुठाय, असं मी विचारायची. आजोबा बोटाने कुत्र्याखालचं नाव दाखवायचे. मला ते पटायचं नाही. गाणं बाईचं आणि चित्र कुत्र्याचं, हा काय न्याय!

मैत्रिणींनो, गौहर जन्माने गौहर नव्हतीच. २६ जून १८७३ रोजी उत्तर प्रदेशातल्या आझमगढला जन्मलेली ही मुलगी अँजेलिना येवर्ड. वडील आर्मेनियन वंशाचे, आई व्हिक्टोरिया. मुलगी सहा वर्षांची असतानाच आईवडिलांचं लग्न मोडलं. नवऱ्याशिवाय, पदरात मूल घेऊन त्या काळात बाईने जगायचं कसं? १८८१ मध्ये आई लेकीला घेऊन बनारसला गेली. तिथे दोघींनी इस्लाम धर्म स्वीकारला. आई झाली मलका जान, लेक झाली गौहर जान. मलका जान नुसती गाणारी नव्हती, उर्दूत कविता करणारी होती. दोन वर्षांत मायलेकी कलकत्त्याला आल्या आणि आईच्या गाण्याच्या जोरावर घर उभं राहिलं. गौहरला गाण्याची तालीम मिळाली, बिंदादीन महाराजांकडून कथक मिळालं. १८८७ मध्ये दरभंग्याच्या दरबारात ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती.

मग आलं १९०२ साल. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग नावाचा माणूस यंत्रं घेऊन कलकत्त्यात उतरला. नोव्हेंबरच्या ८ तारखेला थिएटरमधल्या दोन मुलींचा आवाज त्याने मुद्रित केला आणि ११ तारखेला गौहर आली. अंगभर दागिने, सोबत साजिंदे, रुबाब असा की साहेब बघतच राहिला. नंतरही ती जेव्हा जेव्हा रेकॉर्डिंगला आली, तेव्हा दरवेळी नवे दागिने घालून आली, असं त्याने नोंदवून ठेवलंय. एका बैठकीचे तिने तीन हजार रुपये घेतल्याचं सांगतात. तेव्हाचे तीन हजार, हं!

काम सोपं नव्हतं. मायक्रोफोन नाही, वीज नाही. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्या आवाजात गायचं, आणि तेही तीनेक मिनिटांत संपवायचं. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे पातेल्यातला स्वयंपाक वाटीत मावेल असा करायचा आणि चव जाऊ द्यायची नाही. मोठमोठे उस्ताद या यंत्राला घाबरले. गौहरने ते जमवून दाखवलं.

आणि आता पाकिटाची गोष्ट. रेकॉर्डचा मेणाचा साचा जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायचा. तबकड्या तिथे निघायच्या, लेबलं तिथेच चिकटायची. त्या कारागिरांना आपली भाषा कशी कळणार? घोळ होऊ नये म्हणून गाणाऱ्याने शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायचं, अशी पद्धत होती. गौहरच्या रेकॉर्डी ऐका. गाणं संपतं न संपतं तोच ती खणखणीत आवाजात आपलं नाव सांगते. कारकुनी सोयीसाठी सुरू झालेली गोष्ट, पण तिच्या तोंडी ती सहीसारखी वाटते.

सही लागत होतीच म्हणा. कारण लेबलावर काय छापायचं हे तिच्या हातात कुठे होतं? सुरुवातीला लेबलावर पंखवाल्या देवदूताचं चित्र असे, पुढे तो आमचा कुत्रा आला. पहिल्या रेकॉर्डींवर तर तिची ओळख कलकत्त्याची अव्वल नाचणारी अशी छापली गेली. गाणं ऐकायचं आणि लेबलावर वाचायचं नाचणारी! बंगालमध्ये घरंदाज म्हणवणाऱ्या बायका गाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या नावापुढे हौशी असा शब्द छापत. म्हणजे पैशांसाठी गाणारी वेगळी आणि ही वेगळी, हे गिऱ्हाइकाला पाकीट बघूनच कळावं.

चित्रांचे रंगीत कव्हर असलेले अल्बम यायला अजून कितीतरी वर्षं होती. पण लोकांना गौहर बघायची होती. मग तिचे स्टुडिओत काढलेले फोटो कंपनीच्या कॅटलॉगमध्ये छापले गेले, पोस्टकार्डांवर आले, आणि ऑस्ट्रियात तयार झालेल्या काडेपेट्यांवरही. जिला भेटायची राजेरजवाड्यांनाही वाट बघावी लागे, ती पानाच्या टपरीवर आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात जाऊन बसली. ते फोटो मी पाहिलेत. दागिन्यांनी मढलेली, पण मान खाली घातलेली नाही. सरळ आपल्याकडे बघतेय.

याच काळात अलाहाबादच्या जानकीबाई होत्या. चेहऱ्यावर, अंगावर सुरीच्या वारांच्या खुणा, म्हणून लोक त्यांना छप्पनछुरी म्हणत. रेकॉर्डवर त्यांचाही आवाज खपला, कारण तबकडीला चेहरा लागत नव्हता. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे या दोघी एकत्र गायल्या. एक काडेपेटीवरचा चेहरा आणि एक खुणांचा. गळे मात्र तोलामोलाचे.

गौहरने सुमारे ६०० रेकॉर्डी केल्या. दहाहून जास्त भाषांत गायली, त्यात आपली मराठीही. पण घरात काय चाललं होतं? १९०६ मध्ये आई गेली. घरात वाढलेला एक जण कोर्टात उभा राहिला, की मलका जानचा खरा वारस मीच. ज्या बाईचं नाव देशभर छापलं जात होतं, तिला आपण कुणाची लेक हे सिद्ध करावं लागलं. लहानपणी दुरावलेल्या बापाला शोधून काढून त्याची साक्ष मिळवावी लागली. ती जिंकली. पुढे वयाने लहान असलेल्या आपल्या सेक्रेटरीवर, अब्बासवर, तिने विश्वास टाकला. तोही प्रकार कोर्टातच संपला आणि मालमत्ता गेली.

१९२८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी तिला दरबारी गायिका म्हणून आसरा दिला. १७ जानेवारी १९३० रोजी ती तिथेच गेली, आपल्या माणसांपासून दूर. लोक नंतर तिला विसरून गेले. २०१० मध्ये विक्रम संपत यांचं चरित्र आलं. २०१८ मध्ये तिच्या वाढदिवशी गुगलच्या पहिल्या पानावर तिचं चित्र झळकलं. काडेपेटीवरून थेट तिथे!

मी खूप विचार केला, की या बाईकडून घ्यायचं काय. चेहरा छापला म्हणून तिचं घर वाचलं नाही. नाव गाजलं म्हणून कुणी फसवायचं थांबलं नाही. काडी संपली की पेटी रस्त्यावरच पडली असणार, काकूंचा मुलगा म्हणतो तसंच. पण आज आपल्याला ती कळते, ती त्या तीन मिनिटांच्या शेवटी तिने स्वतः उच्चारलेल्या नावामुळे. लेबलवाल्यांनी काहीही छापलं, तरी तबकडीच्या आत तिचा शब्द तसाच राहिला.

पुढच्या बैठकीत मी ही सगळी गोष्ट सांगितली. काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी मुलालाच बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर निर्णय सांगितला. फोटो नको, तो माझा मलाच आवडत नाही. पण नाव हवं, पूर्ण नाव. आणि हिशेबाच्या वहीतही तेच नाव हवं. मुलगा काही बोलला नाही. पाकिटं घेऊन छापखान्यात मात्र तोच गेला.

नवी पाकिटं आलीत. नथवाली बाई गेली. त्या जागी लाल मिरच्या आहेत आणि खाली ठळक अक्षरांत काकूंचं नाव. पहिलं पाकीट त्यांनी विकलं नाही, देवघरात ठेवलंय.