हमीदा बानू (कुस्तीगीर)

हमीदा बानू (मृत्यू : १९८६, कल्याण) या भारतातील पहिल्या व्यावसायिक स्त्री-कुस्तीगीर म्हणून ओळखल्या जातात. १९३० ते १९५० या दशकांत त्यांनी उत्तर हिंदुस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातील आखाड्यांत प्रामुख्याने पुरुष मल्लांशी कुस्त्या केल्या. अलीगढ येथील वास्तव्यामुळे वृत्तपत्रांनी त्यांना ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ हे नाव दिले. १९५४ पर्यंत ३२० कुस्त्या जिंकल्याची त्यांची ख्याती होती. त्यांच्या कुस्त्यांना हजारोंची गर्दी होत असे. तरीही जिंकल्यावर त्यांच्या वाट्याला अनेकदा कौतुकाऐवजी हुर्यो आणि दगड आले. महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनांच्या एका वर्गाने त्यांना आखाड्यातील खलनायिका ठरवले.

प्रारंभीचे जीवन

हमीदा बानू यांचे घराणे पहिलवानांचे होते. लहानपणापासून घरात कुस्ती पाहतच त्या वाढल्या. त्या काळी तालमीत स्त्रीने पाऊल टाकणेही निषिद्ध मानले जाई. तालीम हे मारुतीचे किंवा पिराचे स्थान असून तेथील माती पवित्र असते, ही भावना हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतील मल्लांमध्ये दृढ होती. मिर्झापूर येथील स्थानिक पुरुष मल्लांनी हमीदा बानू यांना स्वीकारले नाही. त्यामुळे त्या अलीगढला गेल्या आणि सलाम पहिलवान या वस्तादांच्या हाताखाली त्यांनी कुस्तीचे शिक्षण घेतले. पुढील सर्व कारकिर्दीत सलाम पहिलवान हेच त्यांचे वस्ताद होते.

१९३७ मध्ये लाहोरच्या फिरोझखान यांच्याशी झालेल्या कुस्तीमुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. त्यांची कुस्ती पाहण्यासाठी संयुक्त प्रांत व पंजाबातून लोक येत. त्यांचे डाव-पेच पुरुष मल्लांसारखेच असत. प्रतिस्पर्धी आतून ठरवून हरतो, ही कुजबुजही याच काळात सुरू झाली आणि ती अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशी राहिली.

शरीरयष्टी आणि खुराक

हमीदा बानू यांची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो होते. त्यांचा खुराक हा वृत्तपत्रांचा आवडता विषय होता. दररोज सुमारे साडेपाच लिटर दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, सुमारे एक किलो मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, पाव आणि बिर्याणी असा त्यांचा आहार असल्याचे प्रसिद्ध झाले होते. त्या नऊ तास झोपत आणि सहा तास मेहनत करीत. त्यांच्याविषयीच्या बातम्यांत डावांपेक्षा वजनाला आणि जेवणाला अधिक जागा मिळत असे.

तत्कालीन व्यावसायिक कुस्ती

हमीदा बानू यांची कारकीर्द समजण्यासाठी त्या काळच्या कुस्तीच्या दोन प्रवाहांची माहिती आवश्यक आहे. पहिला प्रवाह मातीतल्या कुस्तीचा. महाराष्ट्रात या कुस्तीला संस्थानिकांचा आश्रय होता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी तालमींना राजाश्रय दिला आणि तेथे खासबाग मैदान उभे राहिले. गावोगावच्या जत्रांत हलगीच्या तालावर जोडी लागत आणि इनामाच्या कुस्त्या होत. यातील मल्लाचे नाव गावाशी, तालमीशी आणि वस्तादाशी जोडलेले असे. त्याचा विजय हा साऱ्या गावाचा विजय मानला जाई.

दुसरा प्रवाह तिकीट लावून होणाऱ्या दंगलींचा. मुंबईसारख्या शहरांत ठेकेदार मोठ्या मैदानांत कुस्त्या भरवीत, भिंतींवर फलक लावीत आणि मल्लांभोवती कथा रचीत. अशा खेळांना एक नायक आणि एक खलनायक लागत असे. १९५० च्या दशकात दारासिंग हे प्रेक्षकांचे लाडके नायक होते, तर किंग काँग या नावाने लढणारे अवाढव्य देहाचे एमिल झाया हे खलनायक म्हणून गाजले. प्रेक्षकांनी किंग काँग यांची हुर्यो उडवणे हा खेळाचाच भाग होता आणि ते दोन्ही बाजूंना ठाऊक होते. हमीदा बानू यांच्याबाबतीत अशी कोणतीही समजूत नव्हती. त्यांच्यावरील रोष खरा होता. पुरुषाला हरवणारी स्त्री ही परंपरेचा अपमान करते, असे मानणाऱ्यांनी त्यांच्यावर ही भूमिका लादली.

मुंबईतील रद्द झालेली कुस्ती (१९४४)

१९४४ मध्ये मुंबईत हमीदा बानू आणि गूंगा पहिलवान यांची कुस्ती जाहीर झाली. ती पाहण्यासाठी सुमारे २०,००० लोक जमले. ऐनवेळी गूंगा पहिलवान यांनी अधिक पैशांची आणि तयारीसाठी अधिक वेळेची मागणी केली. ती मान्य होण्याजोगी नसल्याने कुस्ती रद्द करावी लागली. संतप्त प्रेक्षकांनी मैदानात मोडतोड केली. हमीदा बानू यांच्या नावावर केवढी गर्दी जमू शकते, हे या प्रसंगाने ठेकेदारांच्या ध्यानात आले.

विवाहाचे आव्हान आणि बडोद्याची कुस्ती (१९५४)

फेब्रुवारी १९५४ मध्ये हमीदा बानू यांनी एक जाहीर आव्हान दिले. जो पुरुष आपल्याला कुस्तीत हरवील, त्याच्याशी आपण विवाह करू, असा तो पण होता. पुराणकथांतील स्वयंवराच्या पणाची आठवण करून देणारे हे आव्हान देशभर गाजले. त्यानंतर त्यांनी पतियाळा आणि कलकत्ता येथील दोन मल्लांना हरवले.

त्याच वर्षी मे महिन्यात त्या तिसऱ्या कुस्तीसाठी बडोद्याला आल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणून प्रथम छोटे गामा पहिलवान यांचे नाव जाहीर झाले होते. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेल्या या मल्लाने, स्त्रीशी कुस्ती करणार नाही, असे सांगून ऐनवेळी माघार घेतली. त्यांच्या जागी बाबा पहिलवान उतरले. ही कुस्ती अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत संपली. हमीदा बानू यांनी बाबा पहिलवानांना चितपट केले आणि त्यांच्याशी विवाहाचा प्रश्न निकालात निघाल्याचे पंचांनी जाहीर केले. या पराभवानंतर बाबा पहिलवानांनी व्यावसायिक कुस्तीतून निवृत्ती पत्करली. बडोद्याच्या निकालाची बातमी परदेशी वृत्तपत्रांतही छापून आली.

या आव्हानामुळे प्रतिस्पर्ध्यापुढे मोठा पेच उभा राही. कुस्ती जिंकली तर बाईला हरवले, यात मर्दुमकी ती काय, असे म्हटले जाई. हरला, तर आयुष्यभराची नामुष्की. छोटे गामा यांच्याप्रमाणे लढायलाच नकार देणे, हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग होता.

पुणे आणि कोल्हापूर

महाराष्ट्रात हमीदा बानू यांना सर्वाधिक विरोध झाला. १९५२ मध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात कुस्तीविषयीचा अभिमान ऐन भरात होता. तालमींच्या संघटना या खेळाची प्रतिष्ठा जपण्याबाबत विशेष जागरूक होत्या.

पुण्यात हमीदा बानू यांची कुस्ती रामचंद्र साळुंके या मल्लाशी ठरली होती. पुण्यातील राष्ट्रीय तालीम संघाने या कुस्तीला आक्षेप घेतला आणि ती रद्द झाली. त्यामुळे पुण्याच्या मातीत मराठी मल्लासमोर स्वतःला सिद्ध करण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

कोल्हापुरात त्यांची कुस्ती झाली आणि त्यांनी एका पंजाबी मल्लाला हरवले. हा विजय प्रेक्षकांना मानवला नाही. लोकांनी हुर्यो उडवली, दगडफेक केली आणि ही कुस्ती म्हणजे निव्वळ फार्स असल्याचे म्हटले. जमाव आवरण्यासाठी पोलिसांना मध्ये पडावे लागले. ज्या नगरीत विजयी मल्लाला फेटा बांधून खांद्यावर मिरवण्याची रीत, तेथेच त्यांना जिंकूनही पोलिसांच्या संरक्षणाची गरज पडली.

नुरा कुस्तीचा आक्षेप

आधी निकाल ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. हमीदा बानू यांच्यावर हा आक्षेप वारंवार घेण्यात आला. मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली, तेव्हा त्यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. ही बंदी त्या स्त्री असल्यामुळे घातलेली नाही, असे देसाई यांनी कळवले. ठेकेदार त्यांच्यासमोर बनावट प्रतिस्पर्धी उभे करतात, अशा तक्रारी आल्यामुळे हा निर्णय घेतल्याचा खुलासा त्यांनी केला.

या खुलाशामुळे प्रश्न सुटला नाही. तिकिटाच्या दंगलींत ठरवून लढणारे मल्ल असत, हे त्या काळी सर्वश्रुत होते. पुरुषांच्या लढतींबाबतही असा संशय घेतला जाई, पण त्यामुळे त्यांच्या कारकिर्दी थांबल्या नाहीत. हमीदा बानू यांचे कौशल्य खरे की खोटे, हे ठरवण्याचा मार्ग नामांकित तालमींच्या मल्लांशी खुली कुस्ती लावणे हाच होता. नेमका तोच मार्ग पुण्यात बंद करण्यात आला. चांगले मल्ल स्त्रीशी लढायला तयार नाहीत म्हणून ठेकेदार मिळेल तो मल्ल उभा करीत, आणि समोरचा मल्ल हलका म्हणून विजय खोटा ठरे. या चक्रातून त्यांना बाहेर पडता आले नाही.

परदेशी मल्लांशी लढती

१९५४ मध्ये मुंबईत हमीदा बानू यांची लढत व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-मल्लाशी झाली. चिस्टिलिन यांना रशियाची अस्वलीण असे संबोधले जाई. हमीदा बानू यांनी त्यांना एका मिनिटाच्या आत हरवले. सिंगापूरच्या स्त्री-विजेत्या राजा लैला यांच्याशीही त्यांची लढत झाली. ख्यातनाम उर्दू लेखिका कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या कथेत हमीदा बानू यांच्या मुंबईतील कुस्तीचा उल्लेख आहे. त्यांचे नाव घराघरांत पोचल्याची ही खूण मानता येईल.

याच वर्षी त्यांनी युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर मात्र त्यांचे नाव वृत्तपत्रांतून हळूहळू दिसेनासे झाले.

कल्याण येथील उत्तरायुष्य

सलाम पहिलवान आणि हमीदा बानू यांचे अलीगढ, मुंबई व कल्याण येथे येणे-जाणे असे. कल्याणमध्ये त्यांचा दुधाचा व्यवसाय होता. युरोपला जाण्याचा हमीदा बानू यांचा बेत सलाम पहिलवानांना मान्य नव्हता. त्यांना रोखण्यासाठी सलाम पहिलवानांनी काठीने मारहाण करून त्यांचे हात मोडले, असे त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले. पायालाही दुखापत झाल्याने कित्येक वर्षे काठीच्या आधाराशिवाय त्यांना नीट चालता येत नव्हते, अशीही आठवण सांगितली जाते. पुरुष मल्लांना काही क्षणांत अस्मान दाखवणाऱ्या या स्त्रीची कारकीर्द घरातल्या हिंसेने संपली, असे या आठवणींवरून दिसते.

पुढे सलाम पहिलवान अलीगढला परतले आणि हमीदा बानू कल्याणमध्येच राहिल्या. दुधाचा धंदा आणि घरभाडे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. पैशांची चणचण भासू लागल्यावर त्या घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला विकत. १९८६ मध्ये कल्याण येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

हमीदा बानू यांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, नॉर्वेत स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा झाली. २००४ मध्ये अथेन्स येथे स्त्रियांच्या कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला आणि २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक यांनी कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री-कुस्तीगीर ठरल्या.

महाराष्ट्रात पुरुषांसाठी ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. स्त्रियांना या किताबासाठी २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी सांगली येथे झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या मधोमध असलेल्या आळंदीत आज मुली कुस्तीचे प्रशिक्षण घेतात. तेथून पुणे शहर जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. हमीदा बानू यांना ज्या शहरात मातीत उतरू दिले नाही, ते हेच शहर.

४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावरील चित्रातून हमीदा बानू यांना आदरांजली वाहिली. बडोद्याच्या त्या कुस्तीला तेव्हा ७० वर्षे झाली होती. अनेक तरुण वाचकांनी त्यांचे नाव प्रथमच त्या दिवशी ऐकले.