जयपूर दरबारातील मराठी वकिली : महादेवभट हिंगणे

परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या तरुणाचा मार्ग आज आखून दिलेला असतो. मसुरीतील पायाभूत प्रशिक्षण, दिल्लीतील सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, मग परदेशातील पहिली नेमणूक आणि तेथे एका परकी भाषेचा अभ्यास. तीनशे वर्षांपूर्वी उत्तरेत मराठी राज्याचे वकील म्हणून वावरलेल्या महादेवभट हिंगणे यांच्यासाठी असा कोणताही मार्ग नव्हता. दरबारातील ताटकळणे हेच त्यांचे शिक्षण आणि जयपूरचा दरबार ही त्यांच्या कसोटीची जागा होती.

हिंगणे हे नाशिकचे, पेशव्यांचे क्षेत्रोपाध्याय. पुढे गोदाकाठचे चांदोरी हे या घराण्याचे ठिकाण झाले. यजमानांची कुळे आणि नाती ध्यानात ठेवणे, दूरदेशीच्या माणसाला आपलेसे करून त्याच्या मनातले काढून घेणे, हे उपाध्येपणाचे गुण राजकारणात उपयोगी पडतात हे बाळाजी विश्वनाथांनी ओळखले असावे. 1718-19 च्या दिल्लीच्या स्वारीत महादेवभट त्यांच्यासोबत होते. त्या स्वारीत चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, येसूबाईंची सुटका झाली; पण बादशहाच्या पदच्युतीच्या धामधुमीत दिल्लीच्या रस्त्यांवर दीड-दोन हजार मराठे मारलेही गेले. सनद आणि तिची किंमत, दोन्ही एकाच वेळी पाहून हा नवा वकील उत्तरेत राहिला.

वकिलाचे काम म्हणजे मुख्यतः बातमी आणि पैसा. दरबारी भाषा फारसी, घरच्या पत्रांची लिपी मोडी. जासूदजोड्यांनी पत्रे पुण्याला धाडायची आणि उत्तर येईपर्यंत स्वतःच्या अकलेने वेळ मारून न्यायची. अमीर-उमरावांच्या मुतसद्द्यांना वश ठेवण्यासाठी दरबारखर्च करावा लागे. त्यासाठी सावकारी पतही लागे. हिंगण्यांनी ती कमावली आणि पुढे तीच त्यांच्यावरील आक्षेपांचे कारण झाली.

दिल्लीच्या राजकारणाची एक किल्ली जयपुरात होती. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये हे नवे नगर वसवले. बादशहाचे ते मोठे सरदार आणि माळव्याचे तीन वेळा सुभेदार. मराठ्यांशी त्यांनी लढाईही केली आणि सलोखाही राखला. 1733 मध्ये मंदसोरजवळ होळकर-शिंद्यांनी कोंडल्यावर त्यांनी खंडणी कबूल केली. 1734 मध्ये हुरड्याला राजपूत राजांची मराठ्यांविरुद्ध एकजूट घडवण्याच्या प्रयत्नातही तेच पुढे होते. 1735 च्या आरंभी मल्हारराव होळकरांनी जयपूर राज्यातील सांभर लुटले. त्याच वर्षी बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, वाटेत जयपुरात राहिल्या आणि त्यांचा तेथे मोठा सन्मान झाला. फौजा एकमेकींसमोर असतानाही पेशव्यांच्या आईला जयपूर सुरक्षित वाटावे, हे मागे चाललेल्या शांत बोलण्यांचे फळ होते.

या बोलण्यांत महादेवभटांचा वाटा होता. 1736 मध्ये किशनगडजवळ भंभोलाव येथे बाजीराव व जयसिंह यांची भेट झाली. बादशहाकडून हवे ते सर्व मिळाले नाही, तेव्हा पुढच्याच वर्षी बाजीरावांनी दिल्लीवर धडक मारली. तरीही जयपूरचा धागा तुटला नाही. 1741 मध्ये धोलपूरला नानासाहेब पेशवे जयसिंहांना भेटले आणि माळव्याचा प्रश्न सुटला. शहजादा अहमद नावापुरता सुभेदार आणि पेशवे त्याचे नायब, अशी ती तोड होती. बादशहाची अब्रू राहिली, माळवा मराठ्यांचा झाला. रणांगणावर जे आधीच जिंकले होते, त्याला समोरच्याची मान खाली न घालता कायद्याचे रूप मिळाले.

सप्टेंबर 1743 मध्ये जयसिंह वारले आणि ही घडी विस्कटली. ईश्वरीसिंह की माधोसिंह, या गादीच्या वादात मराठी सरदारांची मते दुभंगली. पाठिंबा खंडणीच्या आकड्याबरोबर बदलू लागला. 1748 च्या बगरूच्या लढाईत ईश्वरीसिंहांचा पराभव झाला. थकलेल्या खंडणीसाठी फौजा पुन्हा चालून येताच डिसेंबर 1750 मध्ये त्यांनी आत्मघात केला. माधोसिंह गादीवर आले ते मराठ्यांच्याच बळावर. पण मागण्या थांबेनात. 10 जानेवारी 1751 रोजी शहर पाहायला, देवदर्शनाला आणि खरेदीला गेलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले आणि हजारोंची कत्तल झाली. सोळा वर्षांपूर्वी राधाबाईंचा सत्कार याच नगराने केला होता.

वकिली महादेवभटांच्या बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांकडे गेली. त्यांचे प्रशिक्षण घरातच झाले. त्यामुळे ओळखी टिकल्या, तसे हितसंबंधही टिकले. दिल्लीत अंताजी माणकेश्वरांशी हिंगण्यांचे वैर माजले. एकाच सरकारची दोन माणसे एकमेकांविरुद्ध पुण्याला लिहीत राहिली आणि हिशेबांवरून हिंगण्यांवर संशय आला. तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. मात्र वकिलाला पुरेसा खर्च न देता सावकारी करायला लावायची आणि मग सावकारीचाच दोष द्यायचा, यात सरकारचीही जबाबदारी होती. 1761 मध्ये पानिपतावर मराठे एकाकी लढले. जयपूर तटस्थ राहिले.

भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेल्या हिंगणे दफ्तरात या घराण्याचा पत्रव्यवहार आज वाचायला मिळतो. महादेवभटांनी लढाई जिंकली नाही की किल्ला घेतला नाही. त्यांनी पंचवीसएक वर्षे उत्तरेत मराठी राज्याची पत सांभाळली आणि ती पुढच्या सात-आठ वर्षांत खंडणीपायी खर्च झाली. पहिल्या नेमणुकीची वाट पाहणाऱ्या नव्या अधिकाऱ्याने हा ताळेबंद जरूर पाहावा. त्याहून अधिक तो पाहिला पाहिजे वकिलाची पत्रे ज्यांच्या मेजावर येतात त्यांनी.