नाण्यावरचा सागरी प्राणी आणि मेरी अ‍ॅनिंग

मामाने परदेशाहून आणलेले एक नाणे परवा ओपीडीत आईबरोबर आलेल्या मुलाने मला दाखवले. त्यावर आदिम समुद्रातला एक अजस्र सरपटणारा प्राणी होता. दिवा बंद केला, तर त्याचा सांगाडा हिरवट चमकू लागला. अशी नाणी कॅनडाच्या टांकसाळीने काढली आहेत. त्यांवरचा लेप प्रकाश साठवतो आणि अंधारात हळूहळू सोडतो. मुलाने विचारले, “हा प्राणी होता, हे कळलं कसं?” या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की एका गरीब घरच्या मुलीपाशी येऊन थांबावे लागते.

मेरी अ‍ॅनिंगचा जन्म २१ मे १७९९ रोजी इंग्लंडमधील लाइम रेजिस या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील सुतारकाम करत. भावंडांपैकी मोठी झाली ती फक्त मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ. ती सव्वा वर्षाची असताना तिला कडेवर घेतलेल्या बाईवर वीज कोसळली. त्या बाईसह तिघीजणी दगावल्या, मेरी वाचली. १८१० मध्ये वडील गेले आणि घरावर कर्ज राहिले. किनाऱ्यावरच्या कड्यांतून निघणारे जीवाश्म पर्यटकांना विकून घर चालू लागले.

१८११ मध्ये जोसेफला सुमारे चार फुटी कवटी सापडली. पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा मेरीने शोधून काढला. तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. हा प्राणी म्हणजे इक्थिओसॉर, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा सागरी सरपटणारा जीव. १८२३ मध्ये तिला लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा मिळाला. एवढी लांब मान पाहून फ्रान्सचे विख्यात शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना बनावटगिरीचा संशय आला. नंतर त्यांनी चूक मान्य केली. सांगाड्यांच्या पोटाशी सापडणारे विचित्र दगड तिने फोडून पाहिले, तर आत माशांची हाडे आणि खवले निघाले. ते दगड म्हणजे त्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा, हे यातूनच पुढे आले.

शाळा फारशी न झालेल्या मेरीने शोधनिबंध हाताने उतरवून काढून शरीररचना शिकून घेतली. तरीही लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत तिला जागा नव्हती. तिथे स्त्रियांना सदस्यत्व मिळाले ते १९१९ मध्ये. १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा डोळ्यांसमोर गाडला गेला. ती थोडक्यात बचावली आणि पुन्हा कड्याकडे गेली.

तिचे अखेरचे पर्व मला डॉक्टर म्हणून अस्वस्थ करते. तिला स्तनाचा कर्करोग झाला. वेदनेसाठी ती अफूचा अर्क घेई. त्या गुंगीमुळे गावात ती दारू पिते अशी कुजबुज सुरू झाली. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी ती गेली. ईथरची भूल वापरात येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ४८ वर्षे होती.

आज उपचार आहेत, तरी कित्येक जणी आमच्याकडे उशिरा येतात. गाठ दुखत नाही म्हणून त्या थांबतात, पण सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. स्तनात वा काखेत गाठ, त्वचेला खळी, बोंड आत ओढले जाणे, रक्ताळ स्राव यांपैकी काहीही दिसले तर लगेच दाखवा. तिशीनंतर सरकारी केंद्रातही तपासणी होते. आणि कर्करोगाचा रुग्ण मॉर्फिन घेत असेल, तर त्याला व्यसनी समजू नका.

आपल्या मनमाडभोवतीचा अंकाई-टंकाईचा कातळ लाव्हाचा आहे. समुद्रातले असे सांगाडे त्यात मिळायचे नाहीत. पण गुजरातेत कच्छमधल्या लोडाई गावाजवळ इक्थिओसॉरचा सांगाडा सापडला आणि २०१७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली.

ब्रिटनच्या टांकसाळीने २०२१ मध्ये मेरीच्या सन्मानार्थ ५० पेन्सची तीन नाणी काढली. जिला हयातीत पैशांची चणचण कधी सुटली नाही, तिचे नाव आज नाण्यांशी जोडले गेले आहे. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की तुझ्या मुठीतला हा प्राणी ओळखीचा होण्याआधी तशा प्राण्यांची हाडे एका तेरा वर्षांच्या मुलीने चिखलातून वेचून काढली होती.