मंदिराच्या दारापासून लोकसभेपर्यंत

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की थोड्याच वेळात वलगाव लागते. इथल्या पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. सत्तेच्या उंबरठ्याबाहेर राहून बाबांनी खराटा आणि कीर्तन यांनी समाज हलवला. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका माणसाने मात्र त्याच कामासाठी कायदेमंडळाची पायरी चढली. ते पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, वऱ्हाडाचे भाऊसाहेब.

जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. घर शेतकऱ्याचे. मुलाच्या विलायतेच्या शिक्षणासाठी वडील शामरावांनी जमीन गहाण टाकली. मुलगा एडिंबरो, ऑक्सफर्ड करून, वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन १९२६ मध्ये परतला. आणि पुढच्याच वर्षी हा वेदांचा पंडित अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रहात उभा राहिला! त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले, तेही जातीबाहेर. त्या काळी वऱ्हाडातल्या देशमुखी घरात याची काय चर्चा झाली असेल, ते जुन्या मंडळींना सांगायला नको.

१९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. कागदावरची विहीर आणि गावातली विहीर यांत अंतर असते, हे खरेच. पण अडवणाऱ्याला आता नियम दाखवता येत होता. आमच्या मते भाऊसाहेबांच्या पुढच्या राजकारणाची किल्ली इथेच आहे.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले, मंत्री झाले. देवस्थानांच्या संपत्तीबाबत त्यांनी विधेयक आणले. मंदिराच्या दाराशी थांबवलेला माणूस आता मंदिराच्या हिशेबाच्या वह्या मागत होता. सनातनी मंडळी खवळली यात नवल ते काय? सावकारी पाशातल्या कुणब्यासाठी १९३३ च्या कर्जलवाद कायद्याची खटपटही त्यांचीच. गहाण पडलेले शेत त्यांनी घरीच पाहिले होते. त्याच वर्षी मंत्रिपद सोडले. एव्हाना श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली होती. श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत होती.

पुढे घटना समिती, मग अमरावतीतून लोकसभा, आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात शेतीखाते. १९५५ मध्ये भारत कृषक समाज काढला आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी विमलाबाई राज्यसभेत गेल्या. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ निघाले, त्याला नाव पंजाबरावांचे दिले.