तळीरामाचा बाप

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की पेपरच्या डेस्कवर एक शब्द फिरायला लागतो. तळीरामांवर पोलिसांची करडी नजर. तळीरामांची झिंग उतरली. तळीरामांसाठी खूशखबर, बार पहाटेपर्यंत उघडे. इंटर्न म्हणून माझ्या पहिल्याच डिसेंबरात अशी चार हेडिंगं माझ्या हातून गेली. चौथ्याला मी थांबले. हा तळीराम आहे तरी कोण?

मी जांब समर्थची. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका, समर्थ रामदासांचं जन्मगाव. आमच्याकडे माणूस भेटला तरी रामराम आणि माणूस गेला तरी रामच. लहानपणी एसटीत एखादा झिंगलेला माणूस चढला की मागच्या सीटवरून कुणीतरी हळूच म्हणायचं, आला तळीराम, आणि अख्खी गाडी हसायची. मला खरंच वाटायचं, हा पण रामाचाच कुणी लांबचा नातेवाईक असणार. पुढे मासकॉमला आल्यावर कळलं की या रामाचा बापही एक रामच आहे. राम गणेश गडकरी.

शाळेत गडकरी आपल्याला एखाद्या धड्यापुरते, एखाद्या कवितेपुरते भेटतात. भाषाप्रभू, महाराष्ट्राचे शेक्सपिअर, कवितेसाठी गोविंदाग्रज, विनोदासाठी बाळकराम, एवढं पाठ केलं की मार्क मिळतात. त्यानंतर ते दिसतात ते थेट ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या पाटीवर. नाहीतर २०१७ च्या जानेवारीतल्या त्या बातमीत, पुण्याच्या संभाजी उद्यानातून त्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला होता तेव्हाच्या. मधला माणूस निसटून जातो.

जन्म २६ मे १८८५, गुजरातेतल्या नवसारीचा. मराठी भाषेला वाटेल तशी वाकवणारा हा माणूस लहानपणी गुजराती मुलखात वाढला. १८९३ मध्ये वडील गेले, राम तेव्हा आठ वर्षांचा. धाकटा भाऊही गेला. घरात पैशांची बोंब. तरी मॅट्रिक झाले, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी गणितात आपटले. आपण अशा वेळी एटीकेटीचा फॉर्म भरतो. त्यांनी कॉलेजच सोडलं.

मग मिळेल ते काम. ज्ञानप्रकाश या वर्तमानपत्रात (म्हणजे आमच्याच धंद्यातले), न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तरकी, आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत कंपनीतल्या पोरांना शिकवण्याची नोकरी. त्या काळची नाटक कंपनी म्हणजे गावोगाव फिरणारं बिऱ्हाड. पोरं कंपनीतच लहानाची मोठी व्हायची, त्यांच्या लिहिण्यावाचण्यासाठी मास्तर ठेवलेला असायचा. गडकरी मास्तर पोरांना शिकवत आणि स्वतः विंगेत उभं राहून नाटक शिकत. गुरू मानलं श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. कोल्हटकर पेशाने वकील, वऱ्हाडात वकिली करणारे, आणि त्यांच्या मूकनायक नाटकातही मद्यपानाचा विषय होताच. तो धागा शिष्याने उचलला.

पण उचलला तो साध्या उपदेशासाठी नाही. हे समजायला तेव्हाच्या पुण्या-मुंबईतला ग्लास बघावा लागेल.

गावोगावी हातभट्टी आणि ताडी होतीच. शिकलेल्या माणसाची दारू मात्र वेगळी होती, ती विलायती बाटलीतून यायची. आधी मान होता ब्रँडीचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या बारक्या किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे खाऊन टाकले, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि तिची खुर्ची स्कॉच व्हिस्कीने पटकावली. साहेबाच्या क्लबात व्हिस्की-सोडा स्थिरावला. साहेबामागून वकील आले, वकिलामागून डॉक्टर, मग अंमलदार. माप पेगचं, आजही तेच आहे: छोटा ३० मिली, मोठा ६०. व्हिस्की कोरी घ्यावी की बर्फावर, ओल्ड फॅशन्डमध्ये बिटर्सचे थेंब किती, मॅनहॅटनमध्ये चेरी हवी की नको, यावर आज रील्सवर हाणामारी चालते. (कोरीला तिथे ‘नीट’ म्हणतात. नीट पिऊन माणूस नीट राहत नाही, ही गंमत फक्त मराठीतच जमते.) तेव्हा वाद असलाच तर सोडा किती, एवढाच. पण ग्लास हातात धरताना जे वाटायचं ते आजच्यासारखंच: हे घेतलं की आपण पुढारलेले.

ग्लासात नेमकं काय आहे हे तेव्हाही फार कुणी बघत नसे, आताही नाही. स्कॉच म्हणवून घ्यायला ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि निदान ३ वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली असावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीचा पाया असतो उसाच्या मळीपासून काढलेलं अल्कोहोल, वरून माल्टचा थोडासा हात. बाटलीवर हरणं नि किल्ले काहीही असोत, आतलं नातं आमच्या मराठवाड्यातल्या फडाशी जास्त. आणि हो, महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१ आणि व्हिस्कीला २५ पूर्ण लागतं, वर परवाना. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. मी २२ ची. त्यामुळे या परिच्छेदातली माहिती वाचीव आहे, घरच्यांनी नोंद घ्यावी.

पुण्यात दारूवरचा वाद मात्र जुना. जोतीराव फुले नगरपालिकेत असताना दारूच्या दुकानांच्या विरोधात उभे राहिले होते. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठबळावर पुण्यातल्या दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवकांनी निदर्शनं केली. गडकरी तेव्हा २२-२३ वर्षांचे, म्हणजे माझ्याच वयाचे. सभा, ठराव, शपथा, सगळं त्यांच्या काळात भरपूर होतं. दारू वाईट हे सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. गडकऱ्यांना ज्याचं कुतूहल होतं ते वेगळंच: हुशार माणूस पितो कसा, आणि सोडायचं ठरवूनही त्याला सुटत कशी नाही?

प्रेमसंन्यास आणि पुण्यप्रभाव या नाटकांनी नाव झालं. तिशी ओलांडली आणि त्यांनी एकच प्याला लिहायला घेतलं.

नाटकाचा नायक सुधाकर. अनाथ, गरिबीतून वर आलेला, तल्लख वकील, आणि नाकावर माशी बसू न देणारा. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. घरात सिंधूसारखी बायको, लहान बाळ, जीव लावणारा मित्र रामलाल. तरी अपमान गिळता येत नाही. अशा वेळी त्याचा कारकून पुढे येतो, दुःख विसरायला एक घोट सुचवतो. तो कारकून म्हणजे तळीराम.

तळीराम खलनायक नाही, ही गडकऱ्यांची खरी करामत. तो लोभस आहे, बोलका आहे, दारूच्या बाजूने असे युक्तिवाद करतो की प्रेक्षक हसता हसता मान डोलावतो. दारूबंदीवाल्यांच्या सभा होतात ना, मग तो दारूबाजांचीच संस्था काढतो, आर्य मदिरा मंडळ. तिथे शास्त्रीबुवांपासून खुदाबक्षापर्यंत सगळे एका बैठकीत. धर्म-जात विसरायला लावणारी एवढी एकच संस्था देशात उरली, ही त्यातली बोचरी गंमत. अख्ख्या महाराष्ट्राला हा माणूस इतका आवडला की त्याचं नाव शब्दकोशात जाऊन बसलं. त्याचे हाल करणारी शेवटची आजारपणं आणि त्याच्यावर संतापणारी बायको गीता मात्र कुणाला आठवत नाहीत. गीता जरूर वाचा. सिंधूची सोशिकता आज वाचताना मला तरी राग येतो, नवऱ्यासाठी दळणं दळत, मार खात ती त्यालाच सावरत राहते. गीता निदान तोंड उघडते.

हेडिंग टाइप करताना मला आठवला तो प्रसंग तळीरामाचा नाही, सुधाकरचा आहे. मधे एकदा तो खरंच दारू सोडतो. शपथ घेतो, शुद्धीवर येतो, काम मागायला बाहेर पडतो. जुन्या ओळखीचे प्रतिष्ठित लोक त्याला दारातूनच परतवतात, टोमणे मारतात, हसतात. त्यातले काही स्वतः गुपचूप पिणारे. तो परत बाटलीकडे वळतो तो या हसण्यानंतर. पहिल्या वेळी तळीरामाने पाजलं, दुसऱ्या वेळी सभ्य लोकांनी. त्याच नाटकात भगीरथ नावाचा तरुण आहे, प्रेमभंगातून दारूकडे गेलेला. त्याला कुणीतरी हात देतं, करायला काम देतं, आणि तो सुटतो. दोघांच्या हातातली बाटली एकच, समोर आलेली माणसं वेगळी.

आणि मग नाटकाचं नाव. दारूड्या माणसाला दहावा प्याला बुडवत नाही, पहिला बुडवतो, कारण प्रत्येक वेळी तो स्वतःला सांगतो की हा एकच. सुधाकर हे रामलालला इतक्या थंडपणे समजावतो की अंगावर काटा येतो: आधी दारू माणसाच्या मुठीत असते, मग दोघांची झटापट, मग माणूस दारूच्या मुठीत, आणि सुटायची इच्छा होते तेव्हा सुटण्याची ताकद संपलेली असते. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली १९३५ मध्ये. त्यांचा सगळा भर पहिल्या ग्लासापासून लांब राहण्यावर. ते त्याआधी सोळा वर्षं मराठी रंगभूमीवर येऊन गेलं होतं. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांचं मुक्तांगण उभं राहायला १९८६ उजाडावं लागलं, त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत दिली. व्यसन हा आजार आहे असं तिथे मानतात. सुधाकरला १९१९ मध्ये असं ठिकाण नव्हतं. दारूच्या धुंदीत त्याची काठी सिंधूवर आणि बाळावर पडते, बाळ जातं, सिंधू फौजदारापुढे नवऱ्याला वाचवायला खोटं बोलून जाते, आणि तो दारूतच विष घालून शेवटचा प्याला घेतो.

हे लिहीत असताना गडकऱ्यांचं स्वतःचं शरीर पोखरलं जात होतं. क्षय. तेव्हा त्याला औषध नव्हतं. शेवटच्या दिवसांत ते नागपूरजवळ सावनेरला होते आणि अंथरुणावरून भावबंधन नाटक पुरं करत होते. राजसंन्यास अर्धं राहिलं. एकच प्यालाची पदं वि. सी. गुर्जरांनी रचली. २३ जानेवारी १९१९ ला गडकरी गेले. वय ३३.

अठ्ठावीस दिवसांनी, २० फेब्रुवारीला, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. ज्या बालगंधर्वांच्या शालूंची फॅशन घराघरात जायची, ते या नाटकात ठिगळं लावलेलं लुगडं नेसून उभे राहिले. वाग्वैजयंती हा कवितासंग्रहही १९२१ मध्ये, मागाहून आला. ज्या नाटकाने ते घरोघरी पोचले, ते त्यांनी रंगमंचावर कधी पाहिलंच नाही.

तर, पाचवं हेडिंग. ३१ डिसेंबरच्या रात्री पकडलेल्या गाडीवाल्यांची बातमी होती. मी तळीराम काढून मद्यपी चालक असं केलं आणि पान पुढे सरकवलं. दहा मिनिटांनी ते परत आलं. शब्द बदललेला होता. कॉलमात मद्यपी चालक बसत नाही, दोन अक्षरं बाहेर जातात, असं मला सांगितलं गेलं. मी मोजून पाहिलं, खरंच जात होती.