मुक्या जिवांच्या रुक्मिणीदेवी

रुक्मिणीदेवी अरुंडेल म्हटलं की आठवतं ते भरतनाट्यम. पण महाड-पोलादपूरच्या हायवेवर गाडीखाली सापडलेली कुत्री उचलून आणणाऱ्या, बरी झाली की त्यांना घरं शोधणाऱ्या आम्हा चार-पाच जणींना त्या वेगळ्याच कारणाने जवळच्या वाटतात.

२९ फेब्रुवारी १९०४ ला मदुराईत त्यांचा जन्म. सोळाव्या वर्षी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज गृहस्थांशी लग्न केलं, त्यावरून केवढा गहजब झाला! पुढे घरंदाज बाईने करू नये असं मानलेलं नृत्य त्या शिकल्या आणि १९३५ मध्ये चक्क रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये कलाक्षेत्र संस्था काढली. लोक काय म्हणतील, ही भीती तेव्हाच संपली असणार.

१९५२ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. प्राण्यांचा छळ थांबवणारं विधेयक त्यांनी स्वतः मांडलं. सरकारच कायदा करील, असं आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर ते मागेही घेतलं. आपलं नाव लागावं असा हट्ट नाही. १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ आलं, त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच. १९७७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी विचारणा झाली, तीही नाकारली. २४ फेब्रुवारी १९८६ ला त्या गेल्या.

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २००१ चे नियम याच कायद्याखाली निघाले. म्हणूनच गल्लीत कुणी कुत्र्यांना विष घालायची भाषा केली, तर आम्ही भांडत बसत नाही. हा गुन्हा आहे, एवढंच सांगतो. तुम्हीही न घाबरता सांगा.