अलेक्झांडर थॉम
अलेक्झांडर थॉम (२६ मार्च १८९४ – ७ नोव्हेंबर १९८५) हे स्कॉटिश अभियंते व महापाषाणीय स्थळांचे सर्वेक्षक होते. १९४५ ते १९६१ या काळात ते ऑक्सफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ख्याती मात्र त्यांना सुटीतल्या उद्योगाने मिळाली.

थिओडोलाइट घेऊन त्यांनी स्कॉटलंडमधील शिळावर्तुळे, उभे पाषाण व दफनस्थळांवरील दगडी राशी मोजल्या. या बांधकामांत सुमारे ०.८२९ मीटरचे एकच माप वापरले गेले, असा निष्कर्ष त्यांनी काढला व त्यास 'महापाषाणीय यार्ड' म्हटले. कातळांवर कोरलेली वलये या मापाच्या चाळिसाव्या भागाने आखली होती, असेही त्यांचे मत होते.

खरा वाद पेटला तो किंट्रॉ येथे. तेथून हिवाळी अयनदिनाचा सूर्यास्त जुरा बेटाच्या डोंगरांतील खिंडीत अचूक टिपता येई, असे थॉम म्हणत. परंतु जवळची टेकडी आड येत असल्याने जमिनीवरून ती खिंड दिसत नाही. म्हणून निरीक्षक शेजारच्या उतारावर उभा राहत असावा, असे त्यांनी सुचवले. १९७० व १९७१ साली युअन मॅकी यांनी तेथे उत्खनन केले. दगडांचा थर सापडला. तो मानवनिर्मित की नैसर्गिक, यावर एकमत झाले नाही. पुढे क्लाइव्ह रगल्स यांच्या फेरतपासणीत अचूकतेचे दावे टिकले नाहीत. थॉम यांनी काढलेले स्थळांचे आराखडे मात्र त्यांचे सिद्धान्त अमान्य करणारे संशोधकही वापरतात.